ओळीवरचं बोट

मंगळवार, ४ मार्च

वाचनालयाचं पत्र आलं. पुस्तक परत करा म्हणे. ह्यांनी माझ्या कार्डावर आणलेलं, संगणकाच्या सी भाषेचं. हे गेल्यापासून माझ्याने देववत नाही. राहू दे.

बुधवार, ५ मार्च

सकाळी तेच पत्र पुन्हा. दुपारी तिसरं!

वाचनालयातला संगणक आमची सूनच बघते. विचारलं तर हसत सुटली. "आई, ही पत्रं धाडायचा प्रोग्रॅम बाबांनीच लिहिलेला, त्याची चाचणी चाललीये. यादीत पहिल्या तुम्ही. दर वेळी तुमच्यापाशी येतो आणि अडून बसतो."

लग्न ठरल्यावर हे वर्षभर परगावी होते, एक पत्र टाकलं नाही माणसाने. आता दिवसाला दोन.

गुरुवार, ६ मार्च

नवा डेटाबेस आलाय आणि ह्यांचा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळत नाही. शनिवारपर्यंत चालला नाही तर काढून टाकणार, विकतचा आणणार. म्हटलं, नीट सांग मला.

सुनेने समजावलं. कर्सर म्हणजे यादीवरून फिरणारं बोट. एक ओळ वाचायची, पत्र धाडायचं, नोंद पक्की करायची, बोट खाली. जुन्या डेटाबेसात नोंद पक्की झाली तरी बोट जागेवर राहायचं. नवा बोटच उचलतो — मग पुढची ओळ सापडणार कशी?

मला पटकन कळलं. मी आपली आपण वाचायला शिकले, अजून ओळीवर बोट ठेवूनच वाचते. दार वाजलं, बोट उचललं, की पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवार, ७ मार्च

कर्सरांना ह्यांनी नावं ठेवलीत! अक्षरं इंग्रजी, नावं घरची. 'सासू' सगळ्यांची चौकशी करत फिरते. 'मेहुणा' न परतलेली पुस्तकं शोधतो. आम्ही दोघी पोट धरून हसलो. "आणि हा अडतो तो 'हाय'," सून म्हणाली. "बाबा कुणाला हाय करत होते, कोण जाणे."

माझी आई आहे, माझा भाऊ आहे. मी कुठे?

तसं माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. घरात 'अगं', चारचौघांत 'ही'.

आज फोटोशी अबोला.

शनिवार, ८ मार्च

चालला! सुनेने त्या अडेलतट्टू कर्सरला दोन शब्द जोडले — 'विथ होल्ड'. नोंद पक्की झाली तरी धरून ठेव. सगळ्यांना पत्रं गेली. माझ्या भावालाही. त्याचा फोन — "ताई, भावोजी अजून पाठ सोडत नाहीत गं."

अबोला चालूच.

रविवार, ९ मार्च

सून म्हणाली, आता त्या 'हाय'ला नीट नाव देते. म्हटलं, दाखव बघू. पडद्यावर बोट ठेवलं. एच. आय.

हाय नाही गं. ही.

नाव तेच ठेवलंय. आणि पुढे लिहिलंय — धरून ठेव.