कुंदनमामाले गोंडी आठवते

माय,

पाया लागते. मी पुण्यात मजेत आहो. तू गुडघ्याले तेल लावून राह्यली ना?

कुंदनमामा सापडला. आडनाव बदलून, गोंड असल्याचं लपवून तीस वर्षं राह्यला इथं. बायकोले सांगितलं होतं, माह्यं कोणी नाई. सेलूच्या शाळेचा जुना दाखला पोरीच्या हाती लागला अन् सारं समजलं.

ती अंकिता सेलूत विचारपूस करत इथं माह्यापाशी आली. गोंडांत देवांच्या संख्येवरून कूळ ओळखतात, हे तिनं वाचलं होतं. बसायच्या आधीच विचारलं, "आपण किती देवांचे?" म्हटलं, तुह्ये देव माह्या मायच्या माहेरचे, तिलेच विचारजो.

दिवाळीले बापलेक दोघंही तुह्याकडं येऊन राह्यले. मामा म्हणते, गोंडी विसरलो. तू रडू नको. लहानपणी त्याले देत होती त्याच शिव्या दारात देजो. मंग पाहू काय विसरला तं.

तुही रुपा