पोळ्याला पवळ्यावर ओझं नको

बंगळूर, १४ सप्टेंबर १९९७

तीर्थरूप आण्णा आणि आईस, अंबादासचा लांबूनच दंडवत.

मी बरा आहे. बाजरीची भाकरी काही मिळत नाही, पण भाताची सवय झाली असं आईला सांगा.

तुम्ही विचारलंत, काम काय करतोस. कंपनीने नवा वेब सर्व्हर आणलाय. हा एक कॉम्प्युटरच. लांबलांबचे लोक त्याच्याकडे माहितीची पानं मागतात आणि तो ती देतो. त्याला सांभाळणं, त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिणं माझ्याकडे आहे. बाजारात नुकताच आलाय, त्यामुळे त्याच्या खोडी कुणालाच माहीत नाहीत. भर कामात बसतो. आपला पवळ्या नवा होता तेव्हा अर्ध्या वावरात नांगरासकट बसायचा, तसाच. तुम्ही कधी चाबूक उगारला नाही. जू उतरवून पाणी दाखवायचात. मीही त्याला बंद करतो, जरा थांबतो, परत जुंपतो. नावही पवळ्याच ठेवलंय.

पोळ्याला साहेब म्हणाले, नवा प्रोग्राम आजच चढवा. तोंडातून निघून गेलं, "आज न्हाई साहेब, आज त्याच्या खांद्यावर काय ठेवायचं नसतं." साहेब धारवाडकडचे, मराठी आणि बैल दोन्ही जाणणारे. हसले, पण एक दिवस दिला. मला दिवसभर खांदेमळणीच्या हळद-तुपाचा वास येत होता.

आता इथं रोज सकाळी सगळे मला विचारतात, पवळ्या कसा आहे?

आण्णा, तुमच्या गेल्या दोन पत्रांत शेळीच्या करडांचीसुद्धा खुशाली आहे, आपल्या पवळ्याची नाही. यंदा शिंगं कुणाची रंगवलीत?

तुमचा,
अंबादास