आधी तुम्ही बसा

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि ताईने तुमच्यावर लादलेलं डाएट एव्हाना मोडीत निघालं असेल, अशी आशा करतो. (शेवटचं अगदी मनापासून विचारतोय. कारण खाली येईलच.)

आईच्या खुब्याचं हाड जुळलं, पण दोन पावलं टाकली की तिचा दम संपतो. पलीकडच्या गल्लीतली तिची मैत्रीणही अंथरुणाला खिळलेली. दोघी आमच्या कामवाल्या मावशींकडून निरोप धाडतात, मावशी त्यात पदरचं तिखटमीठ घालतात, आणि मध्यंतरी त्यावरून दोघींचा अबोलाही झाला. आईला तिला एकदा समोरासमोर भेटायचंय, बाकी काही मागणं नाही. आता आमची रुग्णसाहित्याची संस्था तुम्हाला ठाऊकच आहे (चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, कॉट, सगळं फुकट वापरायला देतो) आणि मी तिचा उपाध्यक्ष. म्हटलं, घरचंच काम, जावं आणि खुर्ची उचलावी.

कोठीवरच्या बाईंना आम्ही चाळणीबाई म्हणतो, कारण त्यांच्या हातून एक खडा सुटत नाही. त्यांनी वाट अडवली. परत आलेली वस्तू पुढे देण्याआधी संस्थेतल्या कुणीतरी स्वतः वापरून बघायची, हा नियम. (तो मीच भर सभेत टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतला होता. तेव्हा वाटलं, तो इतरांसाठी आहे.) मी हळूच म्हटलं, आईसाठीच तर नेतोय. त्या म्हणाल्या, "म्हणून तर. आधी तुम्ही बसा."

बसलो. दारातल्या उतारावर त्यांनी ब्रेक लावून हात सोडला आणि ब्रेकने मला सोडलं. मी थेट समोरच्या शिंप्याच्या कापडांच्या ढिगात. त्याने शांतपणे गळ्यातली टेप काढली आणि विचारलं, शर्ट की पॅन्ट. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार. त्या खुर्चीत आई असती तर? दाजी, चाळणीबाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

संस्थेची चूक झाली की ती बाहेरच्या फळ्यावर लिहायची, हाही नियम (हाही माझाच). दुसऱ्या दिवशी फळ्यावर: "उपाध्यक्ष तपासणीविना खुर्ची नेत होते. ब्रेक निकामी. उपाध्यक्ष शाबूत." मावशींनी ते पाठ करून आईला ऐकवलं. पडल्यापासून पहिल्यांदाच आई पोट धरून हसली. त्या फळ्याचाही मी ऋणी आहे.

ताईला नमस्कार, मुलांना पापा.

तुमचा मेहुणा (शाबूत)

ता. क. ब्रेक बदलला. रविवारी फेरतपासणी. पण चाळणीबाईंनी माझ्याच नियमाची पुढची ओळ दाखवली: बसणाऱ्याचं वजन निदान रुग्णाएवढं हवं. आमच्यात सगळे काडीपैलवान, आणि आईचं वजन तुम्ही जाणता. जावयाला मानाने खुर्चीवर बसवतातच, तेव्हा तुम्हाला संस्थेचं सभासद करून घेतलंय. नक्की या. शिंप्याला कापडं आवरून ठेवायला सांगितलंय.

पुन्हा ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. वाटलं, जावयाला असं सांगतात का, म्हणून रागावेल. ती म्हणाली, "ते उठले की खुर्ची गार व्हायच्या आत मला बसव. तिकडे ती केस विंचरून बसलीय."