घोडेस्वाराचा टोप

भद्रकाली, नाशिक
१२ जानेवारी १९७९

प्रिय विमल,

गावातल्या गावात पत्र कशाला, म्हणशील. तू समोर आलीस की मला भांडता येत नाही. शाळेतही तू हसलीस की माझा राग पळायचा. म्हणून लिहितेय, आणि आधीच सांगते, मी तुझ्यावर जळते आहे.

तुझ्या कॉलेजातल्या मुलांच्या नाटकासाठी विलायतेतल्या जुन्या घोडेस्वारांची शिरस्त्राणं हवीत म्हणून तू आलीस, तेव्हा मीच तुला आमच्या कारखान्यात नेलं. स्टीलपुढे तांब्यापितळेला हल्ली कोण विचारतंय, ह्यांच्या हाताला काम मिळेल, एवढाच माझा विचार. तू पुस्तकातलं चित्र दाखवलंस. तोंडावर पडणारी झडप, मानेवर एकावर एक चढलेल्या पट्ट्या, कानांपाशी बारीक भोकं. चित्र देऊन जायचं, तर तू तासभर बसलीस आणि मग दर शनिवारी यायला लागलीस. मी घरातून घसा फोडावा तेव्हा ह्यांचं एक "हं" यायचं, आणि तू हळू आवाजात काही विचारलंस की लगेच उत्तर! वर तुझ्या तोंडाकडे टक लावून बघणं. शेजारच्या नवसाबाई म्हणाल्याच, "काय गं शकू, मैत्रीण तुझी का त्यांची?" मी हसले, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पहिला टोप तयार झाला तेव्हा ह्यांनी सवयीने तो उलटा धरून पाण्याने भरला. गळकं भांडं आमच्याकडून बाहेर जात नाही. कानांच्या भोकांतून धारा लागल्या, तसे हे भोकं बुजवायला निघाले. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, "अहो, राहू द्या! स्वाराला हुकूम ऐकू यायला नको का?" ह्यांनी हातातला टोप खाली ठेवला. मी चहा करायला आत गेले. परत आले तर तुम्ही दोघं इतकी गंभीर बसलेली, की मी कपबशा ठेवल्या आणि निघून आले. काय बोलत होतात ते विचारलं नाही. मनात मात्र नको नको ते रचत बसले.

गेल्या शनिवारी तू कल्हई केलेला टोप चढवलास, झडप खाली पाडलीस आणि आतून म्हणालीस, "झकास झालाय, पण मानेला टोचतोय." मी दारात होते, मला स्वच्छ ऐकू आलं. हे तुझ्यापासून हातभर अंतरावर, आणि नुसते हसत उभे. तू झटकन झडप वर केलीस आणि तेच वाक्य सावकाश, त्यांच्याकडे बघत पुन्हा म्हणालीस. मग हे पट्टी वाकवायला बसले. तुला जराही नवल वाटलं नाही, विमल. म्हणजे तुला ठाऊक होतं.

ठोके मारून मारून तांबटाचे कान जातात, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. सासरे म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. पण हे अजून चाळिशीचेही नाहीत, आणि मी मेली समजत होते की माझं ऐकायचंच नाही ह्यांना! तुझ्यावरचा तो संशय फिटला. मत्सर फिटला नाही, उलट वाढला. हे तुझ्यावर भाळले असते तर दोघांना चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. आपलं दुखणं त्यांनी तुला सांगितलं, मला नाही. ह्याला कुठली शिवी देऊ?

काल मी घरातून हाक मारली नाही. कारखान्यात त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, आज वांगी करू का? त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "कर." आणखी काही बोलतील म्हणून मी बसून राहिले, तर हातोडी उचलून कामाला लागले. म्हणून हे पत्र. उरलेले टोप न्यायला शिपायाला पाठव, तू येऊ नकोस. मला कळलंय हेही त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना आपल्या तोंडाने मला सांगू दे, मग डॉक्टरकडे मी त्यांना ओढत नेईन. तुझ्यापाशीच त्यांचं मन मोकळं होत राहिलं, तर माझ्यापाशी ते काय म्हणून बोलायला येतील?

जळते, तरी तुझीच,
शकू