बारा बाय दहाची खोली

रवि., ६ जुलै २००३

आज खोली गेली. पुण्यात रस्ता रुंद होतोय, त्यात आमची चाळ. खोलीतला जुना जोडीदार पारस, त्याचा फोन आला तसा वर्कशॉपला कुलूप घालून निघालो. पोचेपर्यंत पत्रे उतरवलेले. जिथे कॉलेजची चार वर्षं झोपलो ती जागा वरून उघडी बघताना कसंतरीच झालं. भिंतीवर पारसने खडूने लिहिलेला फॉर्म्युला अजून तसाच. चुकीचा होता, अजूनही चुकीचाच.

मुकादमाला चहा पाजून दार मागून घेतलं, चौकटीसकट. पिकअपमध्ये उभं बांधलं. चाकणच्या गर्दीत एक ट्रकवाला खाली वाकून म्हणाला, "दार मिळालं, घर कुठं पडलं, भाऊ?" पारस मंचर येईपर्यंत हसत होता. दार त्याच्या हार्डवेअरच्या गोदामात, पाइपांच्या मागे ठेवलं.

नारायणगावला घरी आलो तर सुजाता म्हणाली, "दार आणलंत. आता त्यातून येणार कोण?" बायको मास्तरीण असली की असे प्रश्न जेवणाआधी येतात.

सोम., ७ जुलै

चिटणीस म्हणून फाइल काढली. प्रतिष्ठानची घटना नऊ वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचली. वकील कशाला, आपण इंजिनिअर आहोत, म्हणून आम्हीच लिहिलेली. तेव्हा किती अभिमान!

कलम ४: परिशिष्ट 'अ'मधील आराखड्याप्रमाणे असलेल्या खोलीत सलग पंधरा दिवस राहून, ती स्वतः मोजून तिचं शीट काढणारा इंजिनिअर किंवा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणजे सभासद. कलम ५: फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं ही मदत फक्त सभासदाला. कलम ६: पदाधिकारी सभासदच हवा.

नावसुद्धा खोलीवरूनच. बारा बाय दहा शैक्षणिक प्रतिष्ठान. जुन्नर-आंबेगावची पोरं, एक पास होऊन गेला की दुसरा त्याच्या गादीवर. आता गादी कुठे टाकायची?

चौदा जणांची चौदा शीटं फायलीत आहेत, शीटाची प्रथा घटनेच्याही आधीची. सगळी हुबेहूब. पहिलं तात्यांचं, अर्थात. चौथं माझं. ते कसं काढलं ते इथेही लिहीत नाही.

बुध., ९ जुलै

पिंपळवंडीला विहिरीतली मोटर काढायला गेलो होतो. परतलो तर वर्कशॉपमध्ये एक मुलगी बाकावर बसून माझ्याच व्हर्निअरने माझंच बेअरिंग मोजतेय. "काका, लिवलंय त्यापेक्षा कमी भरतंय. झिजलंय हे." झिजलंच होतं. गिऱ्हाइकाला मी नवीन म्हणून... असो.

छाया, आणे गावची. वडील गवंडी. पुण्यात मेकॅनिकलला नंबर लागलाय. ४ ऑगस्टला हजर व्हायचं. प्रतिष्ठानने राहण्या-जेवणाचं बघितलं तर वडील पाठवणार, नाहीतर जुन्नरला डी.एड. अर्ज घेऊन आलेली, स्वच्छ अक्षरात.

मी डोकं खाजवत बसलो. सु. म्हणाली, "मुली चालत नाहीत असं लिहिलंय का घटनेत?"

नाही. लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

"नशीब," म्हणाली.

तात्यांना फोन. तात्या आमचे अध्यक्ष, निरगुडसरचे, पाटबंधारे खात्यात. कालव्याचं पाणीही त्यांना विचारून वळतं. म्हणाले, "मुलगी असो, मुलगा असो. खोली नाही तर सभासद नाही. मिलिंद, कलम चार वाच." वाचलंय म्हटलं. "परत वाच."

रवि., १३ जुलै

आण्याला गेलो. नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा. घाट चढताना वाटत होतं गाडी बंद पडावी. माझी राजदूत, इतर वेळी पडते.

छायाचे वडील बाबूराव पडवीत ओळंबा साफ करत होते. फाइल उघडून सगळं सांगितलं. छाया चुलीपाशी उभी. हातातलं भांडं पुसतच राहिली.

"मंग ऱ्हायलं," बाबूराव म्हणाले. "डी.एड. काय वंगाळ न्हाई. दोन वर्सात मास्तरीण."

मग जेवायला वाढलं. नकार देणाऱ्याला आमटी-भाकरी वाढणारी माणसं. मान वर होईना. बाबूराव फाइल चाळत होते, परिशिष्ट 'अ'वर थांबले. गवंडी माणूस, आराखडा वाचतोच. बोट फिरवत म्हणाले, "खोली ब्येस हाय. पर पावणं, जागा कुठं दावलीय?"

"म्हणजे?"

"गाव कंचं? रस्ता कंचा? लांबी हाय, रुंदी हाय, दार, खिडकी हाय. जागा न्हाई."

बघितलं. खरंच नाही. बारा बाय दहा, पूर्वेला दार, दक्षिणेला खिडकी. पत्ता नाही, शहर नाही. चौदा इंजिनिअर आणि...

"मंग पाडली कोनी ही खोली?" बाबूराव म्हणाले. "कुटंबी बांधता यील की."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसलो. छायाने भांडं एकदाचं खाली ठेवलं.

सोम., १४ जुलै

तात्यांना फोन. आराखड्यात पत्ताच नाही, म्हटलं. कागद उलटल्याचा आवाज आला. मग: "आराखड्याप्रमाणे म्हणजे आराखड्याप्रमाणे. एका सुताचा फरक चालणार नाही. मी स्वतः टेप घेऊन येईन."

म्हणजे हो! तात्यांच्या भाषेत हा हो असतो.

आमच्या माडीवरची अर्धवट खोली साडेबारा बाय दहा आहे. सु.ला विचारलं. "अर्धा फूट कमी झाला तर काय, तिथे तुमचं भंगारच पडलंय," म्हणाली.

शुक्र., १८ जुलै

बाबूराव चार दिवस इथेच. अर्ध्या विटेची आतली भिंत, प्लास्टर, खिडकी सरकवली, दाराचा गाळा पूर्वेला फोडला. खोली लहान करायला गवंडी लावणारा तालुक्यात मी पहिलाच असेन. समोरचा टपरीवाला रोज विचारतो, "राव, नक्की काय चाललंय?" मी सांगतो, शिक्षण.

दुपारी चहा घेताना बाबूरावांना म्हटलं, एवढी मेहनत करताय, तात्यांनी खोट काढली तर? म्हणाले, "माझ्या पोरीचं नशीब खोलीत अडकलं आसंल तर खोली मला बांदता येती. दुसरं काय आडकलं आस्तं तर मी काय करनार व्हतो?" मी उठून उगाच मोटर फिरवून बघितली.

जुनं दार पारसच्या गोदामातून निघत नाही, पुढे पाइपांचा ढीग. तोवर पत्र्याचं दार लावलं.

शनि., १९ जुलै

छाया राहायला आली. आई सोबतीला. आजपासून पंधरा दिवस, म्हणजे २ ऑगस्टला पूर्ण. प्रतिष्ठानचा ड्रॉइंग बोर्ड तिला दिला. पाठीवर चौदा नावं, एकेकाच्या हातची. ती बराच वेळ बोर्ड उलटा धरून वाचत होती.

गुरु., २४ जुलै

पोरगी दिवसातून तीनदा खोली मोजते. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. म्हटलं, खोली काय वाढतेय का? "काका, कोपरा काटकोनात हाय का ते कर्ण मोजल्याबिगर कळत न्हाई." मी वही घेऊन खाली आलो. कर्ण मोजायचा असतो हे मला आठवतही नव्हतं.

सु. तिच्याशी गणितं सोडवते. "मी मास्तरीण आहे म्हणून सांगते, हिला मास्तरीण करू नका," असं बाबूरावांना फोनवर सांगितलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते ती सांगत नाही.

रवि., ३ ऑगस्ट

काय दिवस! सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तात्या दहाला आले, नवा स्टीलचा टेप घेऊन. गुडघ्यावर बसून मोजलं. बारा पूर्ण. दहा पूर्ण. खिडकी बरोबर. कर्णसुद्धा बरोबर. मग छायाचं शीट बघितलं, चष्मा काढून, परत लावून. "रेघ चांगली आहे," म्हणाले. अठरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मदतीच्या अर्जावर सही करायला खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात पारस दार घेऊन आला. हौशी माणूस, म्हणे सही दार लावूनच होऊ द्या. चौघांनी चौकट उचलून गाळ्यात उभी केली.

बसेना. म्हणजे बसली, पण सैल. बाजूला तीन इंच, वर तीन इंच.

तात्यांनी बाबूरावांकडे बघितलं. बाबूरावांचा चेहरा लाल. "सायेब, गाळा नकाशापरमानं हाय. तीन फूट. मोजा!" मोजला. तीन फूट. आराखड्यात तीन फूट. दार मात्र पावणेतीन.

"दार आटलं असेल," पारस म्हणाला. कुणी हसलं नाही.

छाया चौकटीपाशी बसून बघत होती. हळूच म्हणाली, "काका, रुंदी बी तीन इंच, उंची बी तीनच इंच. आटलं आस्तं तर सारखं आटलं नसतं. तुमच्या टेपचं तोंड तुटलं व्हतं का?"

पारसने कपाळावर हात मारला. पिवळा टेप! तात्यांचा पिवळा टेप, पुढची तीन इंच पट्टी तुटलेली! त्यानेच स्टोव्हची पिन करायला मोडलेली. तात्यांनी पहिल्या दिवशी खोली त्याच टेपने मोजली. म्हणजे सगळं तीन इंच जास्त. आमची खोली बारा बाय दहा नव्हतीच. पावणेबारा बाय पावणेदहा.

"पर काका," छाया म्हणाली, "नंतर तेरा जनांनी मोजली ना?"

 खाली टपरीवर रेडिओ चालू होता तेवढाच आवाज.

पारस म्हणाला, "मी जीटी मारली." जीटी म्हणजे काचेखाली बल्ब लावून आधीच्या शीटवरून आपलं शीट छापणं. माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी. मीही मारली होती. पारसने तिथूनच फोन लावले. नाशिक, भोसरी, एक जण थेट मस्कतला. जीटी, जीटी, जीटी. तिसऱ्याचं शीट मी छापलं, माझं पाचव्याने. इतकी वर्षं एक तुटका टेप सगळ्यांच्या शीटवर.

हसून हसून पोट दुखलं. बाबूरावसुद्धा. सु. दारात उभी राहून म्हणाली, "मग कलम चारप्रमाणे, बारा बाय दहाच्या खोलीत राहून ती स्वतः मोजणारी एकच आहे. बाकीचे कोण?"

तात्या हसत नव्हते. पेनला टोपण लावलं, खिशात ठेवलं. "मला सही करता येणार नाही. मी सभासदच नाही. कलम सहा."

हसू गेलं. उद्या चार तारीख. मी तात्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही, वयाने मोठे आहेत. शेवटी म्हटलं, तुमच्या कलमांपायी पोरीची सीट जाईल. छाया खिडकीकडे तोंड करून उभी.

तात्या म्हणाले, "सीट कशी जाईल? प्रतिष्ठान अडलंय, मी अडलोय का? उद्या मी तिला घेऊन पुण्याला जातो. हॉस्टेलचं, मेसचं, सगळं मी बघतो. अध्यक्ष म्हणून नाही."

बाबूराव म्हणाले, "मंग कोन म्हनून?"

तात्या जरा अडखळले. "होऊ घातलेला सभासद म्हणून. अर्ज तिच्याकडेच करावा लागणार ना."

बाबूरावांनी थापी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं. मग पोरीला म्हणाले, "डी.एड.चा फारम चुलीत घाल. सकाळची यष्टी किती वाजता हाय ते इचार."

मला रडू आलं. आलं तर आलं.

सोम., ४ ऑगस्ट

सकाळच्या एस.टी.ने छाया गेली. खांद्यावर बोर्ड, एवढ्या गर्दीत सगळ्यांना लागत होता. तात्या मागे ट्रंक घेऊन, "जरा सरका, बोर्ड आहे, बोर्ड आहे" म्हणत. बाबूराव एस.टी. वळेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "दाराला पट्ट्या मारून दिऊ का? तीन इंचाचंच तर काम." दिल्या.

सु. माडीवर झाडू मारून आली. म्हणाली, घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. अर्धा फूट कमी झालाय, म्हटलं.

शनि., २३ ऑगस्ट

दुपारी तात्या आले. हातात वळकटी, तांब्या, नवा टेप. खात्यातून पंधरा दिवसांची रजा काढलीय! मला वाटलं घरी भांडण झालं. तसं नाही, छायाचं पत्र आलंय त्यांना. वाचायला दिलं:

"अर्ज मिळाला. खोलीत सलग पंधरा दिवस राहावे, स्वतः मोजून शीट काढावे. जीटी आढळल्यास अर्ज बाद. निर्णय दिवाळीच्या सुट्टीत. ता.क. माझ्या पहिल्या शीटवर सरांनी 'रिपीट' मारलं, रेघ फिकी म्हणून. तुम्ही तर चांगली म्हणाला होतात. मिलिंदकाकांना सांगा, त्यांचा अर्ज अजून आला नाही."

म्हणजे दिवाळीपर्यंत आम्हाला अध्यक्ष नाही, चिटणीस नाही. तिचं पुढच्या सहामाहीचं कसं करायचं तेही तेव्हाच. ती आम्हाला घेईल का? तात्यांना खात्री नाही. मला तर त्याहून नाही, कर्ण मोजायची मला अजून भीती वाटते. सु.ने टोक केलेली पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. अर्ज लिहायला बसलो आहे, दोन कागद फाडले.

वर तात्या मोजतायत. जमिनीवर टेप घासतोय तो आवाज इथपर्यंत येतो. आत्ताच हाक मारली, "मिलिंद, टेपचं टोक धर रे जरा!"

उठलो होतो, परत बसलो. कलमात 'स्वतः मोजून' असं लिहिलंय, आणि ते त्यांनीच लिहिलंय.