पंतांनी दाखवलेला समुद्र

ताई, रुसलेली असलीस तरी माझीच ताई,

हे मी फोनला सांगून लिहून घेतेय. पाठवायचा धीर होईलसं वाटत नाही. "इतकी वर्षं तुझे डोळे मी होते, आता कुत्रा आणलास!" म्हणून तू अबोला धरलास. तर तो कुत्रा, म्हणजे आमचे पंत, माझ्याबरोबर बोटीने परदेशी निघालेत. बंदरावरच्या अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टआधी त्यांचे लसीचे कागद पाहिले. रुबाब विचारू नकोस!

पायरी आली की पंत थांबतात, मी पायाने चाचपते, मगच उतरतो. काल किनारा मागे पडला आणि ते सपाट डेकवर थांबले. चाचपलं, तर पायरी नाही. जरा पुढे गेलो, पुन्हा थांबले. मी चिडलेच.

"बाई, इथे पायरी नाहीये," डेक पुसणारा हसत म्हणाला.

तेवढ्यात पायाखालचा अख्खा डेक हळूच खाली गेला आणि वर आला. पंत प्रत्येक लाटेला पायरी समजत होते!

त्यांच्या पट्ट्याची मूठ घट्ट धरून मी तिथेच उभी राहिले. एवढी बोट, एवढी माणसं, आणि समुद्र आम्हाला अलगद उचलत होता, ठेवत होता. पायऱ्या संपतच नव्हत्या. अंगावर काटा आला गं.

लहानपणापासून तू मला समुद्र सांगायचीस, निळा आणि खूप मोठा. मी नुसतं हो म्हणायचे. केवढा मोठा, ते काल कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला तुला काहीतरी दाखवायचं होतं, आणि शेजारी तू नव्हतीस.

तुझीच,
धाकटी