पिन काढल्याची हाक

मल्लेश्वरम, बंगलोर
शनिवार, ९ फेब्रुवारी १९६३

प्रिय श्रीकांत,

पाच वर्षांत दिवाळीच्या चार ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, तेव्हा एवढं जाड पत्र बघून तू दचकशील. घरी सगळे बरे आहेत. कारण खात्यातलंच आहे. तलावांचा गाळ मोजायला आपल्याला नवी बोट मिळाली आहे, अठरा फुटी, जुनीपेक्षा बरीच जड. तिला जीपमागे ओढायला नवा ट्रेलर बांधायचाय आणि त्याला ब्रेक कोणता बसवावा हे येत्या शुक्रवारी मी समितीला सांगायचंय. समितीत पाच जण आहेत. त्यातला एकही कधी बोटीत बसलेला नाही, त्यामुळे मी म्हणेन तेच होणार.

हायड्रॉलिक ब्रेक सगळ्यांना आवडतो. जीपच्या ब्रेकला फाटा काढायचा आणि नळीतून ट्रेलरच्या चाकांपर्यंत तेल न्यायचं. कागदावर फार देखणा दिसतो. पण बोट सोडताना आपली चाकं पाण्यात बुडतात. सिलिंडरात गाळ जाणार, रबर कुजणार, नवं मागवायचं तर आयात परवान्यातच वर्ष जाणार. शिवाय जीप सोडली-जोडली की नळीत हवा शिरते ती वेगळीच. तुझ्या खुर्चीवर आता मल्हारराव म्हणून एक ग्वाल्हेरचे गृहस्थ बसतात, भला माणूस. त्यांचं म्हणणं, ट्रेलरवर एक माणूस बसवून त्याच्या हाती ब्रेकचा दांडा द्यावा, मालगाडीच्या गार्डासारखा. पावसाळ्यात त्याच्यावर छत्री कोण धरणार, एवढंच मी विचारलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग तुझा ब्रेक. समितीसाठी तो मी सोप्या भाषेत लिहून काढलाय, तोच इथे उतरवतो. मास्तरकीच्या सवयीने चुका काढ. जीपचा वेग कमी झाला की मागचा ट्रेलर स्वतःच्या वजनाने पुढे रेटतो. जीपला जोडणाऱ्या आकड्याजवळची स्प्रिंग दबते, दांडा सरकतो आणि चाकांचे ब्रेक आपोआप आवळले जातात. जेवढा रेटा तेवढी पकड. पाण्यात भिजलेला ड्रम तू खालून पाडलेल्या भोकांतून निथळून जातो. अडचण एकच, ट्रेलर मागे ढकलत पाण्यात न्यायचा तर तेव्हाही रेटा येतो आणि ब्रेक लागतात. म्हणून तेवढ्यापुरती दांड्यात आडवी पिन घालून ब्रेक बंद ठेवायचा आणि रस्त्याला लागण्याआधी ती काढायची.

पिनेला लाल चिंधी बांधायची तूच सुरू केलंस. पिन घालणाऱ्याने मोठ्याने ‘घातली’ म्हणायचं, काढणाऱ्याने ‘काढली’, आणि ती हाक ऐकल्याशिवाय ड्रायव्हर बसवंतने गिअर टाकायचा नाही. माझ्याबरोबर जोडीने पिकनिकला आलेली विमला तुमचं काय हे नाटक म्हणून किती हसली होती! तू तिच्यावर रागावलास आणि मग तिने केलेल्या चिरोट्यांतले सहा एकट्याने खाल्लेस. तिला ते अजून आठवतं. तुझं नाव निघालं की आकडा सांगते.

फायलीत मात्र तुझ्या ब्रेकच्या नकाशावर तांबड्या शाईत ‘भरवशाचा नाही’ असं लिहिलंय. त्या शेऱ्याआधी वर्षभर तो ब्रेक एकदाही चुकला नव्हता. मग एके दिवशी देवनहळ्ळीपलीकडच्या तलावावरून परतताना, उतारावर समोर बैलगाडी आली, बसवंतने ब्रेक दाबला आणि मागच्या बोटीने जीपला आडवं करून उलटवलं. मी नाचणीच्या शेतात फेकला गेलो, कोपर खरचटलं. बसवंतचा पाय स्टिअरिंगखाली चिरडला. चौकशीत ट्रेलरचा दांडा मोकळा सापडला, भोकात पिन नव्हती, म्हणजे ब्रेक चालू होता आणि तरी लागला नाही. असा सरळ हिशेब झाला. तुला कोणी जा म्हटलं नाही, तूच राजीनामा दिलास. स्टेशनवर तू मला म्हणालास की माझ्या नकाशामुळे एका माणसाचा पाय गेला, आता मी मुलांना रेघा मारायला शिकवावं हे बरं. मी तुझी वळकटी डब्यात चढवली.

सांगलीहून आलेल्या तुझ्या पत्रांत एक फार लांब होतं. स्प्रिंगच्या गणिताची सहा पानं, आणि शेवटी प्रश्न की दामू, चूक कुठे झाली ते तुला दिसतं का. मी दिवाळीच्या चार ओळींतच उत्तर दिलं की स्प्रिंग कदाचित मऊ पडली असावी. त्यानंतर तू गणितं पाठवणं बंद केलंस. परवा नीला इकडे येऊन गेली. तुझी बहीण म्हणून तिने सहज सांगितलं की दादा अजून रविवारी जुन्या वह्या काढून बसतो आणि वहिनीशी दिवसभर धड बोलत नाही. त्यावर मी तिला आणखी एक कप कॉफी घेतेस का, असं विचारलं.

अहवाल लिहिण्याआधी बसवंतला भेटावं असं वाटलं. तो आता खात्याच्या फाटकावर स्टुलावर बसतो, कुबडी भिंतीला टेकवून. निपाणीकडचा माणूस, मराठी अजून तशीच. रोज मी त्याच्यासमोरून जातो, तो सलाम करतो, मी मान हलवतो. पाच वर्षांत एवढंच. मी त्याला विचारलं, नव्या ट्रेलरला ब्रेक कोणता बसवू. तो म्हणाला, “श्रीकांतसाहेबांचाच बसवा की. पिन काढली तर त्यो लागतोयच.” मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “हाक मी ऐकली हुती साहेब. पण चौकशीत हाकेचं कुणी इचारलंच न्हाई.”

त्या दिवशी पिनेवर मी होतो. बोट ट्रेलरवर चढवली, दोर गुंडाळता गुंडाळता मी ‘काढली’ म्हणून ओरडलो. रोज म्हणायचो तसंच म्हणालो. पिन काढली नव्हती. उलटलेल्या जीपमधून बसवंतला बाहेर ओढून गावकऱ्यांच्या ताब्यात दिल्यावर मी आकड्यापाशी गेलो, लाल चिंधी दिसली, आणि पिन काढून खिशात टाकली. विसरलो ती चूक होती. खिशात टाकली ती चूक नव्हती, श्रीकांत. ते मी पूर्ण शुद्धीवर केलं. त्यानंतर तुझ्या प्रत्येक पत्राची मला भीती वाटत आली, आणि पत्रं थांबली तेव्हा बरं वाटलं. या बरं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता नव्या ट्रेलरसाठी हायड्रॉलिक ब्रेक सुचवला तर कोणी एक प्रश्न विचारणार नाही. वर्षभरात तो गंजेल आणि कुठल्यातरी उतारावर दुसरा बसवंत गाडीखाली येईल. तुझा सुचवायचा तर तो त्या वेळी का लागला नाही ते सांगावं लागतं. मी तुझाच सुचवलाय. फक्त पिनेत बदल केलाय: ती हाताने काढायचीच नाही, ट्रेलर पुढे ओढला गेला की आपणच उसळून बाहेर पडते. माणसाच्या हाकेवर काही ठेवलेलं नाही. अहवालाच्या दुसऱ्या पानावर अपघाताचं कारण माझ्या नावासकट लिहिलंय. काल तो विमलाला वाचायला दिला. ती इथेच जन्मलेली, तिची मराठी तुला ठाऊकच आहे. दुसरं पान तिने पुन्हा एकदा वाचलं, मग म्हणाली, “सरी, बरोबर आहे. पण हे आधी श्रीकांतअण्णांना कळू दे, मग ऑफिसला.”

म्हणून हे पत्र. पण खरं कारण त्याहून कमी शोभेचं आहे. शुक्रवारला अजून सहा दिवस आहेत आणि मी स्वतःला ओळखतो. अहवालाचं दुसरं पान काढून नवं टाईप करायला मला एक दुपार पुरेल. पाच वर्षं पिन माझ्या टेबलाच्या खणात होती. आज ती विमलाने कापडात शिवून दिली, मी लाख लावली आणि आता तुझ्या नावाने रजिस्टर करायला निघालोय. चिंधी तशीच आहे, तू ओळखशील. ती तुझ्याकडे असली की मला ते पान बदलता येणार नाही. पुढे तिचं काय करायचं ते तू ठरव. तुला खात्याला लिहायचं असेल तर जरूर लिही, माझी तक्रार नाही. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फक्त यापुढे रविवारी वह्या काढू नकोस. तुझी स्प्रिंग मऊ नव्हती. पहिल्या पानापासून तुझं गणित बरोबर होतं.

म्हणवून घेऊ देशील तर, तुझाच
दामोदर